संकरित कारल्याचं घरचं बी का फुटतं, आणि त्यातून स्वतःचा वाण कसा काढायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उन्हाळ्यात पाकिटातलं संकरित कारलं लावलं, सगळा माल एकसारखा हिरवा, काटेरी निघाला. शेवटच्या तोड्यानंतर वेलीवर राहिलेली फळं पिकू दिली, त्यांचं बी धरलं आणि खरिपात लावलं. मांडवावर चढलेल्या ८० वेलींपैकी १९ वेलींना पांढरी कारली आली, २३ वेलींची कारली गुळगुळीत निघाली, त्यातल्या ६ वेलींची तर पांढरीही आणि गुळगुळीतही. तोडाही बराच घटला. दुकानदार म्हणाला, 'बी मुद्दाम असं बनवतात की पुन्हा उगवून चांगलं येऊ नये.' म्हणून तुम्ही विचारलंत, की यात फसवणूक झाली का, आणि शेतकऱ्याला स्वतःचं बी तयार करता येतं का.

फसवणूक झालेली नाही, आणि ते सिद्ध करणारा पुरावा तुम्हीच दिला आहे. तुम्ही वेली मोजल्यात, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. सव्वीस-सत्तावीस वर्षं वेलवर्गीय भाज्यांच्या पैदाशीत घालवली, पण 'बी फुटलं', म्हणजे घरच्या बियातून एकसारख्या वेलींऐवजी वेगवेगळ्या वेली निघाल्या, म्हणून आलेल्या शंभर तक्रारींत एखादाच माणूस आकडा घेऊन येतो.

आता तुमचेच आकडे मांडू. हिरव्या काटेरी ४४, हिरव्या गुळगुळीत १७, पांढऱ्या काटेरी १३, पांढऱ्या गुळगुळीत ६. कारल्यात हिरवा रंग पांढऱ्यावर प्रभावी असतो आणि काटेरी अंग गुळगुळीत अंगावर. दोन्ही गुण मुख्यतः एकेका जनुकाच्या हातात आहेत. प्रत्येक वेलीत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. तुमच्या पाकिटातल्या बियाचा एक पालक पांढरा असणार आणि एक गुळगुळीत, कदाचित दोन्ही गुण एकाच पालकात असतील. संकरित वेलीत हिरव्याची एक प्रत आणि पांढऱ्याची एक. हिरवा प्रभावी, म्हणून शेत सगळं हिरवं. पण पांढरा गेलेला नव्हता, झाकलेला होता. त्या वेलींचं आपसात परागीकरण झालं तेव्हा चारात एक या प्रमाणात दोन्ही प्रती पांढऱ्याच्या एकत्र आल्या. ऐंशीचा पाव म्हणजे वीस, तुमच्याकडे एकोणीस. दोन्ही गुण एकत्र धरले तर ९:३:३:१ या हिशोबानं ४५, १५, १५ आणि ५ वेली यायला हव्या होत्या. तुमचे ४४, १७, १३ आणि ६ आहेत. पुस्तकात छापावं इतकं जवळ.

याचा आणखी एक चांगला अर्थ निघतो. शेजारच्या कुणाच्या कारल्याचा पराग तुमच्या वेलींवर फारसा आलेला नाही. आला असता तर हे प्रमाण बिघडलं असतं.

रंग आणि काटे डोळ्यांना दिसतात. उत्पादन मात्र एका-दोन जनुकांचं काम नाही. वेलीचा जोर, पहिलं मादी फूल कितव्या पेऱ्यावर येतं, फळाची लांबी, किती तोडे मिळतात, यामागे कितीतरी जनुकं असतात. समजा, फक्त दहा जागांवर आई-बापात फरक आहे. संकरित वेलीत दहाही जागांवर मिश्र जोडी असते. दुसऱ्या पिढीत एका जागी मिश्र जोडी राहण्याची शक्यता निम्मी, म्हणून दहाही जागी तशीच राहिलेली वेल १०२४ वेलींमधून एखादी. संकराचा जो जोम आपण म्हणतो, तो सरासरीनं दुसऱ्याच पिढीत निम्मा उतरतो. तुमचा तोडा घटला त्याचं हे मुख्य कारण. दुसरं कारण बी धरण्याच्या पद्धतीत आहे, त्याकडे शेवटी येतो.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो गावोगाव ऐकायला मिळतो. 'शेजाऱ्यानं पांढरं कारलं लावलं म्हणून माझ्या वेलीची फळं यंदा पांढरट झाली.' असं होत नाही. फळाची साल आणि गर आईच्या वेलीचा असतो. परक्या परागाचा परिणाम फक्त आतल्या बियात जातो आणि पुढच्या वर्षी ते बी लावल्यावर दिसतो. तसंच कारलं आणि दोडका शेजारी असले तर त्यांचा संकर होत नाही, त्या दोन वेगळ्या प्रजाती आहेत. दोडका आणि घोसाळं मात्र जवळचे नातेवाईक. त्यांचा संकर घडवून आणता येतो, पण तशा वेलींची बीजधारणा पूर्ण नसते.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी एवढं लांब उत्तर लिहायला बसलो. संकरित बियाचं सगळं मोल त्याच्या आई-बापात असतं. पाकिटातलं बी एका हंगामाचं, पालक ओळी (स्वतःच्याच परागावर पिढ्यान्पिढ्या धरलेले, एकसारखेच राहणारे वंश) कायमच्या. ज्याच्याकडे चांगल्या शुद्ध पालक ओळी आहेत, तो दर वर्षी तंतोतंत तेच बी पुन्हा बनवू शकतो. आणि वेलवर्गीय पिकांत शुद्ध ओळी बनवणं मका किंवा कांद्यापेक्षा खूप सोपं आहे. या गोष्टीचा फायदा शेतकऱ्यांनी घेतलाच नाही, असं मला वाटतं.

सोपं का, ते सांगतो. मका परपरागीकरणाचं पीक. त्याला सलग स्वतःच्याच परागानं फळवलं तर तीन-चार पिढ्यांत झाड खुरटतं. कारलं, दुधी, दोडका, काकडी यांतही नर आणि मादी फुलं वेगळी, मधमाश्या परागीकरण करतात, म्हणजे त्यांनीही तसंच खुरटायला हवं. पण ती खुरटत नाहीत, किंवा फार थोडी. याचं पटणारं कारण आपल्या परसात आहे. आजीच्या न्हाणीघरामागे दुधीची एक वेल, गोठ्याच्या छपरावर दोडक्याची दोन. त्यातलंच एक जून फळ पुढच्या वर्षाच्या बियासाठी छपराला टांगलेलं. शेकडो वर्षं ही पिकं अशी दोन-चार वेलींवर, एकेका फळातल्या बियावर तगली. नात्यातल्या नात्यात इतका संकर झाला की घातक अप्रभावी जनुकं केव्हाच गळून गेली. म्हणून आज आपण कारल्याची ओळ सहा पिढ्या स्वतःच्याच परागानं फळवली तरी ती ताठ उभी राहते. आणि अशा दोन दूरच्या ओळी जोडल्या की संकराचा जोम पुन्हा भरघोस मिळतो. न खुरटता शुद्ध होणं आणि जोडल्यावर जोम येणं, या दोन्ही गोष्टी एकाच पिकात मिळणं ही पैदासकारासाठी पर्वणीच आहे.

सरकारी संस्थांनी हे फार आधी ओळखलं. दिल्लीच्या पुसा संस्थेनं १९७१ मध्ये दुधीचे 'पुसा मेघदूत' हा लांब फळाचा आणि 'पुसा मंजरी' हा गोल फळाचा, असे दोन संकरित वाण दिले. काकडीचा 'पुसा संयोग' त्याच काळातला. आपल्याकडे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाणं कंपनी सुरू केली आणि पुढे जालना, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या पट्ट्यात संकरित भाजीपाला बियाणं हे शेकडो कुटुंबांचं काम झालं. आज त्या भागातल्या शेडनेटमध्ये पहाटे पराग लावणाऱ्या बायकांइतकं कारल्याच्या फुलाचं ज्ञान कृषी पदवीधरांनाही नसतं, हे मी अनुभवानं सांगतो.

काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे बियाची किंमतही समजेल.

कारल्याचं फूल पहाटे उमलतं. दोडका आणि दुधी संध्याकाळी, घोसाळं पहाटे. पिकाची वेळ चुकली की सगळं चुकलं. कारल्याची मादी कळी ओळखणं सोपं, तिच्या मागे काडेपेटीच्या काडीएवढं कारलं आधीच दिसतं. आदल्या संध्याकाळी, उद्या उमलणार अशी फुगलेली पिवळसर कळी शोधून तिच्यावर बटर पेपरची छोटी पिशवी चढवायची. बाप ओळीच्या नर कळ्याही तशाच झाकायच्या, किंवा संध्याकाळी खुडून ओलसर फडक्यावर डब्यात ठेवायच्या. सकाळी उजाडल्यापासून साधारण नऊपर्यंत नर फुलाच्या पाकळ्या मागे दुमडून पराग मादी फुलाच्या हिरवट कुक्षीवर (पराग धरणाऱ्या मधल्या भागावर) हलक्या हातानं फिरवायचा. पिशवी पुन्हा लावायची, देठाला रंगीत दोरा बांधायचा. दोन-तीन दिवसांनी पिशवी काढायची. साधारण महिन्याभरात फळ पिवळं-नारिंगी होतं. ते तडकून बी सांडायच्या आत तोडायचं, बियावरचा लाल गर पाण्यात वाळू किंवा राखेबरोबर चोळून काढायचा, तरंगणारं बी फेकायचं, बुडालेलं सावलीत वाळवायचं.

यात खरं कष्टाचं काम पराग लावणं नाही. आई ओळीच्या वेलींवरची नर फुलं रोजच्या रोज, उमलायच्या आधी खुडणं हे खरं काम. कारल्याला एका मादी फुलामागे दहापासून पंचवीसपर्यंत नर फुलं येतात. एक दिवस हयगय झाली की मधमाशी आईचाच पराग आईवर नेते आणि संकरित बियात आईचं बी मिसळतं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका बीजोत्पादन प्लॉटची जबाबदारी माझ्यावर होती. पोळ्याच्या दोन दिवसांत मजूर आले नाहीत, मीही गावी गेलो. परत आलो तेव्हा आई ओळी पिवळ्या नर फुलांनी भरल्या होत्या. त्या दिवसांची फळं ओळखून वेगळी काढायला हवी होती, मी ती काढली नाहीत. पुढे लावून पाहण्याच्या चाचणीत आईसारख्या वेली निघाल्या आणि सगळा लॉट नापास झाला. शेतकऱ्याचे पैसे मी कसेबसे भागवले. तेव्हापासून प्रत्येक दिवशी वेगळ्या रंगाचा दोरा वापरतो. गडबड झाली तर त्या रंगाची फळं काढून टाकता येतात, बाकी लॉट वाचतो.

हिशोब करून पाहा. पाच फुटांवर रांगा आणि दोन फुटांवर वेल धरली तर एकरात ४३५६ वेली बसतात. उगवण थोडी कमी धरून साधारण पाच हजार बिया लागतील. एका फळात वीस बिया धरल्या तरी अडीचशे फळं, आणि काही परागीकरणं वाया जातात म्हणून प्रत्यक्षात तीनशे-साडेतीनशे फुलं हातानं हाताळावी लागतात. तुमच्या एका एकराच्या पाकिटामागे इतक्या संध्याकाळी आणि इतक्या सकाळी असतात.

हे नर फुलं खुडण्याचं काम वाचवण्यासाठी पैदासकारांनी जी वाट शोधली, ती मला या पिकातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते: फक्त मादी फुलं येणारी ओळ. काकडीत अशी ओळ कोरियाच्या मूळ बियातून सापडली आणि अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात १९६० च्या सुमारास तिच्यावरून संकरित वाण तयार झाले. काकडीत हा गुण प्रभावी आहे. आई फक्त मादी असली की संकरित वेलही जवळजवळ सगळी मादी फुलांची, म्हणून फळं लवकर आणि भरपूर. कारल्यात भारतात वाराणसीच्या आणि दिल्लीच्या संस्थांत अशा ओळी मिळाल्या, पण इथे गुण अप्रभावी निघाला. म्हणजे आई फक्त मादी फुलांची असली तरी तिच्या संकरित लेकींना नर आणि मादी दोन्ही फुलं येतात. काही शेतकरी घाबरून विचारतात, 'नर फुलंच नसतील तर माझ्या शेतात फळ कसं धरणार?' कारल्यात ती भीती नाही. बीजोत्पादकाला नर फुलं खुडावी लागत नाहीत, आणि शेतकऱ्याच्या मांडवावर पराग कमी पडत नाही. दोघांचंही भलं.

मग फक्त मादी फुलांची ओळ पुढे टिकवायची कशी, नर फूलच नाही तर तिचं बी कुठून येणार? इथे चांदी कामाला येते. मादी फुलं घडवणारं संप्रेरक म्हणजे इथिलिन, आणि चांदीचे क्षार त्याचं काम रोखतात. रोप लहान असताना सिल्व्हर थायोसल्फेटची फवारणी केली की त्या वेलीवर काही काळ पुंकेसर असलेली फुलं येतात. तेवढ्या परागावर ओळीचं स्वतःचं बी धरून घेतात. हे प्रयोगशाळेच्या शिस्तीचं काम आहे, घरी करू नका. शिवाय गुण अप्रभावी असल्यामुळे तो दुसऱ्या चांगल्या ओळीत आणताना प्रत्येक संकरानंतर एक पिढी स्वफलनाची (स्वतःच्याच परागानं फळवण्याची) घालावी लागते, नाहीतर तो आला की नाही हे दिसतच नाही. म्हणून कारल्यात हे काम काकडीपेक्षा दुप्पट वेळ खातं. २०१७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी कारल्याच्या जनुकसंचाचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला, तो नर आणि मादी दोन्ही फुलं येणाऱ्या ओळीवरून. त्यामुळे असे गुण रोपाच्या पानावरून, डीएनए तपासून ओळखणं आता शक्य होत चाललं आहे.

तुम्ही काय करावं? दोन एकरांपुरतं संकरित बी स्वतः बनवण्याच्या भानगडीत एकट्यानं पडू नका. दोन ओळी शुद्ध करायला, मग कुठली जोडी जमते ते पाहायला सहा-सात वर्षं जातात. दहा ओळी असतील तर पंचेचाळीस जोड्या होतात, आणि दिसायला उत्तम अशा दोन ओळींची जोडी फसते, साध्या ओळींची जमते, हे लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. गटानं किंवा उत्पादक कंपनीनं हे जरूर करावं, तेही विद्यापीठाच्या सल्ल्यानं.

पण सरळ वाण, म्हणजे ज्याचं घरचं बी लावलं तरी तसंच येतं असा वाण, काढणं तुमच्या आवाक्यात आहे, आणि त्याची सुरुवात तुमच्या मांडवावर झालेली आहे. तुम्ही ज्याला फुटलेलं बी म्हणता, पैदासकार त्यालाच निवडीचा कच्चा माल म्हणतो. राहुरी आणि दापोलीच्या विद्यापीठांचे 'हिरकणी', 'फुले ग्रीन गोल्ड', 'कोकण तारा' हे सरळ वाणच आहेत, त्यांचं बी घरी धरता येतं. तुमच्या बाजाराला जे फळ लागतं ते तुम्हीच निवडू शकता. कायद्याचीही अडचण नाही. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी त्याच्या नावाच्या पाकिटात भरून विकता येत नाही. स्वतः काढलेला वाण शेतकऱ्याच्या नावे नोंदवण्याची सोयही त्याच कायद्यात आहे.

एक इशारा मात्र देतो. हाच प्रयोग दुधीवर करणार असाल तर फुटलेल्या वेलींमध्ये किंवा कडू भोपळ्याशी संकर झालेल्या बियात कडू दुधी निघू शकतो. कारल्याचा कडूपणा वेगळा, दुधीचा कडूपणा विषारी असतो. त्याच्या रसानं माणसं दगावली आहेत. फळाचा बारीक तुकडा जिभेला लावून थुंकावा, कडू लागला तर ते फळ आणि ती वेल दोन्ही काढून टाकावी.

आता हे आधी करा, पुढच्या तोड्याच्या आत. शेवटच्या तोड्यातली उरलेली फळं बियासाठी धरणं, ही गेल्या वेळची मोठी चूक. तोवर वेली थकलेल्या, निम्म्या मोझॅक या विषाणू रोगानं पिवळ्या पडलेल्या असतात, आणि जे विकलं गेलं नाही तेच बी होतं. म्हणजे नकळत वाईटाची निवड. या वेळी ४४ हिरव्या काटेरी वेलींमधून पंधरा-वीस वेली निवडा. लवकर फळलेल्या, केवडा आणि भुरी हे बुरशीसारखे रोग कमी असलेल्या, पानं पिवळी न पडलेल्या. प्रत्येकीला नंबर द्या. प्रत्येकीवर दोन मादी कळ्या संध्याकाळी झाका, त्याच वेलीच्या नर कळ्याही झाका, आणि सकाळी त्याच वेलीचा पराग त्याच वेलीच्या मादी फुलाला लावा. त्या वेलींची बाकीची फळं खुशाल बाजारात जाऊ द्या. पिकल्यावर प्रत्येक वेलीचं बी वेगळ्या पुडीत, नंबर टाकून ठेवा. एकत्र करू नका, सगळं काम त्या पुड्यांच्या वेगळेपणावर उभं आहे.

हिरव्या काटेरी नऊ वेलींमधली एकच दोन्ही गुणांना शुद्ध असते, आणि बाहेरून ती ओळखू येत नाही. पुढच्या हंगामात तिची पुडी ती ओळखून देईल. प्रत्येक पुडीतल्या वीस वेली वेगळ्या ओळीत लावा. वीस पुड्यांच्या चारशे वेलींना चार गुंठे पुरतील. ज्या ओळीत वीसही वेली हिरव्या आणि काटेरी निघतील, ती ओळ त्या दोन गुणांना शुद्ध समजा. मिश्र ओळीत वीस वेलींमधून एकही पांढरी न निघण्याची शक्यता हजारात तीनच. तशी एकही ओळ मिळाली नाही तरी निराश होऊ नका, सर्वांत कमी फुटलेल्या ओळीतून पुन्हा निवडा. वर्षात दोन हंगाम घेतलेत तर तिसऱ्या वर्षाअखेर सहा पिढ्या होतात. तोवर मूळच्या शंभर मिश्र जागांपैकी एक-दोनच मिश्र उरलेल्या असतात. त्या वर्षी या ओळींची एक रांग पाकिटातल्या संकरित वाणाशेजारी लावा, एकाच मांडवावर, एकाच खतापाण्यावर, आणि तोड्यागणिक वजन वहीत लिहा. ती वही भरली की मला कळवा, कुठल्या दोन ओळी आपसात जोडून पाहायच्या ते तुमच्या आकड्यांवरून ठरवू.